टाळ्या पडल्या, पण मत हललं का?

वक्तृत्व स्पर्धेत परीक्षक म्हणून बसले की एका गोष्टीनं मला हमखास वाईट वाटतं. मूल येतं, ‘सन्माननीय व्यासपीठ’ म्हणतं, लागोपाठ चार प्रश्न फेकतं, मुठी आवळून आवाज चढवतं आणि कवितेच्या ओळींवर संपवतं. पाठांतर चोख, उच्चार स्वच्छ. टाळ्याही पडतात. पण समोरच्या एकाचंही मत जागचं हलत नाही. गोव्यात फोंडा तालुक्यातल्या शाळेत मी मराठी शिकवते, मुलांना भाषणासाठी तयार करणं माझ्या जिव्हाळ्याचं काम आहे. भाषण ऐकणाऱ्यासाठी असतं, हे मुलांना कुणी सांगतच नाही.

पटवणारी भाषा ऐकायची तर आमच्याकडच्या देवळात पावणीला जाऊन बसावं. उत्सवात देवाला आलेल्या फळांचा लिलाव होतो, ती पावणी. पुकारणारा केळ्यांचा घड वर धरतो. त्याचा बाजारभाव मंडपात सगळ्यांना ठाऊक असतो, त्याबद्दल तो अवाक्षर काढत नाही. घड कुणाच्या कुळागरातला, म्हणजे बागेतला, ते सांगतो. मग खांबाला टेकून उभ्या असलेल्या एकाकडे बघून त्याच्या वडिलांचं नाव घेतो. पहिली बोली त्यांचीच असायची. तेवढ्यात पलीकडच्या वाड्यावरून आकडा येतो. पुकारणारा तो दोनदा उच्चारतो, ‘एकवार’ म्हणतो आणि थांबतो. खरी करामत त्या थांबण्यात आहे. तेवढ्या वेळात खांबाजवळच्या माणसाला वडील आठवतात, वाड्याचा मान आठवतो, सगळ्यांचे डोळे आपल्यावर आहेत हे जाणवतं, आणि त्याचा हात वर जातो.

हीच हत्यारं जमिनीचा दलालही वापरतो. ‘दोनच प्लॉट उरलेत, तुमच्या शेजाऱ्यानं कालच टोकन दिलं.’ घाई, शेजाऱ्याची बरोबरी, चार माणसांपुढची लाज. फरक एवढाच की पावणीत सगळा खेळ उघड्यावर असतो आणि पैसा देवाला जातो हे बोली लावणाऱ्याला माहीत असतं. दलालाला मात्र तुम्ही घरी जाऊन विचार केलेला परवडत नाही. म्हणून घाई करणारं वाक्य ओळखायला मी मुलांना आधी शिकवते, स्वतः तसं बोलायला नाही.

श्रोता किती शहाणा असतो हे बघायचं तर गोव्यातला १९६७ चा जनमत कौल बघावा. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की केंद्राच्या अखत्यारीतला वेगळा संघप्रदेश ठेवायचा, हा प्रश्न होता. १६ जानेवारीला मतदान झालं. मतदानाच्या चिन्हांत फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण, दोन पानं म्हणजे संघप्रदेश. विलीनीकरणाच्या बाजूनं गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांचा शब्द होता, आणि बहुजनांच्या घरात त्या शब्दाला जी किंमत होती ती काही अलंकारांनी आलेली नव्हती. भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, जमिनीत राबणाऱ्या कुळांना महाराष्ट्राच्या कूळ कायद्याची आशा होती. दुसऱ्या बाजूनं मराठी वाचकाला मराठीतूनच गाठलं. ‘राष्ट्रमत’ हे मराठी दैनिक विलीनीकरणाच्या विरोधात उभं राहिलं आणि त्यात उदय भेंब्रे ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर लिहीत. उल्हास बुयांव कोकणी गाणी घेऊन गावोगाव फिरले. मुद्दे रोजच्या जगण्यातले होते: गोव्याचा नुसता एक जिल्हा होईल, नोकऱ्या बाहेरच्यांना जातील, दारूबंदी आली तर माडाची सूर, म्हणजे माडी, काढणाऱ्या रेंदेरानं काय करायचं?

संघप्रदेशाची बाजू ३४,०२१ मतांनी जिंकली. मला मोलाचं वाटतं ते पुढचं. त्याच वर्षी मार्चमध्ये विधानसभेची निवडणूक झाली आणि लोकांनी सत्ता पुन्हा भाऊसाहेबांच्याच पक्षाला दिली. एका प्रश्नावर त्यांचं ऐकलं नाही, राज्य मात्र त्यांच्याच हाती सोपवलं. भाषणं ऐकून वाहवत जाणारी माणसं असं निवडून घेत नाहीत. आमच्या घरांत या कौलावरून अजूनही दोन तट पडतात, आणि दोन्हीकडच्यांना आपली बाजू मुद्द्यांनिशी मांडता येते, याचा मला अभिमान आहे.

गेल्या महिन्यात नववीतल्या एका मुलीनं जत्रेनंतरच्या कचऱ्यावर भाषण लिहून आणलं. सुरुवात ‘पर्यावरण ही काळाची गरज’. मी तिला म्हटलं, ‘बाय, तू काय बघितलंस ते सांग.’ ती म्हणाली, ‘टीचर, देवळामागच्या व्हाळात, ओढ्यात, चहाचे कप अडकून पाणी तुंबलं होतं, आणि त्यातले काही आमच्याच स्टॉलवरचे होते.’ ते वाक्य आम्ही सुरुवातीला घेतलं, चार विशेषणं काढली, आणि ‘आमच्याच स्टॉलवरचे’ नंतर तिनं थोडं थांबायचं असं ठरलं. वर्गात म्हणून दाखवलं तेव्हा मागच्या बाकावरून पहिला प्रश्न आला: मग चहा कशात द्यायचा? त्यावर पुढची दहा मिनिटं वर्ग भांडला.

यंदा आमच्या शाळेच्या स्पर्धेत हावभावाचे गुण कमी करून प्रत्येक भाषणानंतर श्रोत्यांच्या प्रश्नांना तीन मिनिटं द्यावीत, असं मी मुख्याध्यापकांना लेखी कळवलं आहे. इतर शाळांतल्या मराठीच्या शिक्षकांनीही हे करून बघावं, आणि काय झालं ते मला जरूर कळवावं.