लाल रंग आणि ‘गोपनीय’ माहिती

कल्पसूत्र या जैन ग्रंथाचं एक पान जुन्या पद्धतीने रंगवायला घेतलं. धास्ती सोन्याची होती, पण छळलं ते लाल रंगाने. खरं तर ट्यूबवरच्या लेबलाने.

चौदाव्या-पंधराव्या शतकातल्या गुजरातकडच्या जैन पोथ्यांत चित्रामागची अख्खी जमीन बरेचदा लालभडक असते. तो हिंगूळ, म्हणजेच व्हर्मिलियन. त्यात पारा, शिवाय उजेडात काळवंडायची खोड. म्हणून मला ग्वाशमध्ये, म्हणजे अपारदर्शक जलरंगात, तसाच दाट, टिकाऊ लाल हवा होता. दुकानात ‘व्हर्मिलियन’ नावाच्या ट्यूबा ढीगभर. आत रंगद्रव्य कोणतं, ते एकीवरही नाही. “ताई, लाल आहे ना? मग झालं तर!” इति दुकानदार.

कंपनीला ईमेल केली. उत्तर आलं : ‘आमचे रंग उत्तम दर्जाचे आहेत.’ पुन्हा लिहिलं, फक्त पिगमेंट कोड, म्हणजे रंगद्रव्याचा ठरलेला क्रमांक, सांगा. बरेच दिवस काहीच नाही. मग : ‘ही माहिती गोपनीय आहे.’ अहो, मी काय पाककृती मागत होते? परदेशी ट्यूबांवर हा कोड सर्रास छापलेला असतो! पीआर १०८, म्हणजे कॅडमियम रेड, एवढं लिहिलं असतं तरी डोळे मिटून घेतली असती. ग्वाशचे बरेच रंग जाहिरातींची चित्रं काढणाऱ्यांसाठी बनत आले. चित्र छापून झालं की मूळ कागद विटला तरी कोणाचं काय जातं? पोथीच्या पानाला ते कसं चालेल?

शेवटी पट्ट्या रंगवल्या, अर्ध्या भागावर फॉइल लावलं आणि दक्षिणेच्या खिडकीत ठेवून दिल्या. पावसाळ्याआधी हे उरका, नंतर ऊन कुठलं! ‘गोपनीय’ लाल फिका गुलाबी पडला. कॅडमियम जसाच्या तसा. मला झालेला आनंद जरा दुष्टच होता.

निळ्याचं काहीच अडलं नाही. कृत्रिम अल्ट्रामरीन, पीबी २९, रसायन म्हणून लाजवर्द या जुन्या निळ्या दगडी रंगाचाच भाऊ. पिवळ्या हरताळात आर्सेनिक, तेव्हा त्या बेतावर हरताळ. त्याऐवजी कॅडमियम यलो, पीवाय ३५. जंगाल, म्हणजे तांब्यापासूनचा हिरवा, कागद खातो, म्हणून व्हिरिडियन या दुसऱ्या हिरव्यामध्ये थोडा पिवळा. कॅडमियमही विषारीच, ब्रशचं टोक ओठांत धरू नका. सोनेरी ट्यूब पितळेच्या भुकटीची असेल तर काळी पडते, अभ्रकाची घ्या.

हे आधीच सांगायला हवं होतं : ‘ॲक्रिलिक ग्वाश’ घेऊ नका. वाळला की पुन्हा भिजत नाही, कडा पाण्याने सारख्या करता येत नाहीत. डिंकातलाच घ्या.