निपाणी ते खानापूर: जुना टुबा बघायला निघालात तर

आषाढी एकादशी झाली की लग्नाच्या तिथी बंद होतात, त्या थेट तुळशीच्या लग्नापर्यंत. मध्ये गणपतीची सुपारी मिळते, पण त्याला दीड-दोन महिने अवकाश असतो. पोरांच्या फिया, शेताला खत, आणि बँडवाल्याच्या हाताला काम नाही. आमच्या सीमाभागात जुनी वाद्यं विकायला निघतात ती याच दिवसांत. टुबा, म्हणजे बँडात सगळ्यांत खालचा सूर देणारं मोठं पितळी वाद्य, घ्यायचा असेल तर हेच दिवस धरा. दिवाळीनंतर विचारलंत तर तोच माणूस "सीझन झाल्यावर बघूया की" म्हणेल.

मी निपाणीच्या बँडात चौदा वर्षं बास वाजवतो. टुबा हा शब्द आमच्यात फक्त विकताना-घेताना निघतो, एरवी बासच. माझा बास मेरठचा, तीन व्हॉल्व्हचा (व्हॉल्व्ह म्हणजे बोटाने दाबायचा खटका, दाबला की हवा जादा नळीतून फिरते आणि सूर उतरतो), काळी पाचचा. म्हणजे एकही बोट न दाबता फुंकलं की पेटीवरची काळी पाच वाजते. मेरठच्या जाली कोठी भागात बँडची वाद्यं बनतात आणि खेड्यापाड्यातल्या कितीतरी बँडांचं पोट त्यांच्यावर चालतं. माझ्या बासने मला घर दिलं, त्याला मी नाव ठेवणार नाही. पण काळी पाचला सा धरून खर्जात खालच्या पंचमावर उतरायचं तर पहिला आणि तिसरा व्हॉल्व्ह एकदम दाबावा लागतो, आणि तो पंचम चढा लागतो. दरवेळी ओठ सैल सोडून तो खाली ओढायचा. चार तासांच्या वरातीत ओठ थकतात आणि मग पंचम चढाच राहतो. त्यासाठी दुसरा बास हवा होता.

तीन वर्षांपूर्वी मी एका दुकानातून फोटो बघून जुना बास मागवला होता. चकाचक आला. उघडून बघितला तर दुसरा व्हॉल्व्ह भलत्याच वाद्याचा, घासून बसवलेला. अर्धेच पैसे परत मिळाले. म्हणून या वेळी ठरवलं की आपला बास गाडीत घालायचा आणि जो बघायचा तो त्याच्या शेजारी ठेवून वाजवायचा. फोटोवर टुबा कळत नाहीच, मोबाइलवर पाठवलेल्या क्लिपवरही कळत नाही. काळी पाचच्या टुबाचा रोजच्या वापरातला खालचा सा ५८ हर्ट्‌झच्या आसपास असतो. तो सूर मोबाइलच्या एवढ्याशा स्पीकरला पेलत नाही. तुम्हाला ऐकू येतात ते त्याचे वरचे स्वर, आणि त्यावर गचाळ वाद्यही गोड वाटतं.

सोबत भाचा होता. तो ट्रम्पेट वाजवतो आणि त्याचा कान माझ्यापेक्षा बरा आहे. गाडी ओम्नी, मागची सीट काढलेली. खाली एक वाकळ, वर एक वाकळ, टुबाचं रुंद तोंड मागच्या दाराकडे आणि व्हॉल्व्ह वरच्या बाजूला. हे नीट लक्षात ठेवा, टुबा कधीही व्हॉल्व्हवर टेकवून झोपवू नये. तवंदी घाटात एक खड्डा लागला तरी व्हॉल्व्हची घरं वाकू शकतात आणि मग आतला वर-खाली होणारा पिस्टन अडकतो. बरोबर घ्यायच्या वस्तू थोड्याच: स्वतःचं माउथपीस (ओठाला लावून फुंकायचा तुकडा), बारीक बॅटरी, मऊ फडकं, व्हॉल्व्हचं तेल, मोबाइलवर सूर मोजणारा ट्यूनर, कागदाच्या दोन-चार पट्ट्या. तुमच्या माउथपीसचा दांडा समोरच्या वाद्याला सैल बसला तर कागदाची पट्टी गुंडाळून बसवता येतो. जुन्या इंग्रजी टुबांची भोकं बारीक असतात, तिथे उलट दांडा पुरता आत जात नाही. पण माउथपीस आपलंच लावायचं, नाहीतर तुलना वाद्याची होत नाही, माउथपीसची होते.

पहिला मुक्काम संकेश्वरच्या अलीकडे, एका बँडमालकाच्या घरी. हुक्केरी तालुक्यात कन्नड जास्त चालतं; आत शिरताना "नमस्कार री, ऊटा आयता?" एवढं बोललात तरी चहा लगेच येतो. पुढचं बोलणं मराठीतच झालं. तिथे होता सुसाफोन, खांद्यावर घालून डोक्यावर परात येते तो. तोंड मोठं, लांबून बघायला रुबाबदार, पण मानेचे जे सुटे तुकडे असतात त्यातला एक हरवलेला. त्या तुकड्यांशिवाय माउथपीस ओठाशी नीट येत नाही आणि माणूस मान वाकडी करून वाजवतो. वर तिसरा व्हॉल्व्ह गळका. आम्ही चहा पिऊन उठलो.

गळका व्हॉल्व्ह कसा ओळखायचा ते सांगतो, कारण पैसे वाचतात ते इथेच. व्हॉल्व्ह न दाबता त्याची स्लाइड, म्हणजे सरकवता येणारी नळी, बाहेर खेचा. पाच-दहा सेकंद थांबा. मग व्हॉल्व्ह दाबा. बाटलीचं बूच निघाल्यासारखा फट् आवाज आला तर पिस्टन घट्ट आहे. काहीच आवाज आला नाही तर मधल्या वेळात हवा फटीतून आत गेली, म्हणजे पिस्टन झिजला. तिन्ही व्हॉल्व्हना एकेक करून हे करा. पिस्टनवर १, २, ३ असे आकडे असतात, ते घराच्या आकड्याशी जुळतात का बघा. वरचं पितळ किती चमकतं याकडे लक्ष देऊ नका. भांडी घासायच्या पावडरीने आतले पिस्टन घासणारे लोक मी बघितलेत, त्या टुबाला पुढे श्वास पुरत नाही.

हत्तरगीचा टोल आणि काकती मागे टाकून दुपारी बेळगावात आलो. बेळगावात टुबा शोधायचा तर आधी लष्करातून निवृत्त झालेल्या बँडवाल्यांकडे चौकशी करा, हे माझं पक्कं मत. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र १९२२ पासून इथे आहे, आणि पलटणीच्या बँडात आयुष्य काढलेली माणसं कॅम्प, गणेशपूर, हिंडलगा या बाजूला घरं बांधून राहिलीत. यातल्या एका हवालदार मामांकडे आम्हाला जायचं होतं. टुबा त्यांचा स्वतःचा, निवृत्तीनंतर एका जुन्या बँडकडून घेतलेला. लंडनच्या बूझी अँड हॉक्सचा छाप, काळी पाच, तीन व्हॉल्व्ह. लाखेचा पत्ता नाही, बाजूला पोचा, जागोजागी डाग दिलेले.

मामांनी तो आणला नाही, आम्हालाच त्याच्याकडे नेलं. मागच्या खोलीत चादरीवर आडवा होता. "आधी हितं बघा," म्हणाले आणि माउथपीसनंतरच्या पहिल्या नळीवर बोट ठेवलं. तोंडाची वाफ आणि थुंकी सगळ्यांत आधी तिथे पोचते, पितळातलं जस्त झडतं आणि नळीवर गुलाबी-लाल ठिपके येतात. ते आतून बाहेर आलेले असतात, म्हणून घासून जात नाहीत. असे ठिपके दिसले तर नळी बदलायचा खर्च धरूनच भाव करा. या नळीवर एकही नव्हता. मामा म्हणाले, "रोज वाजवून झालं की पाणी काढायचं, मगच जेवायला बसायचं. तीस वर्षं असंच केलं बघा."

मग व्हॉल्व्हच्या मागे बॅटरी मारली आणि मला हवं ते दिसलं. पहिल्या आणि दुसऱ्या व्हॉल्व्हच्या पाठीला जादा छोटे वळसे. पहिल्या व्हॉल्व्हची नळी मोकळ्या टुबाच्या लांबीवर बेतलेली असते. तिसरा दाबून टुबा आधीच लांब झाला असेल तर पहिल्याने वाढवलेली लांबी अपुरी पडते, म्हणून सूर चढतो. या प्रकारात तिसरा दाबला की हवा त्या छोट्या वळशांतूनही फिरून येते आणि तूट भरून निघते. डेव्हिड ब्लेकली नावाच्या इंग्रजाने ही युक्ती १८७४ मध्ये काढली. चौदा वर्षं मी ओठाने जे करत होतो ते इथे नळी करते.

तुलना अंगणात केली. मामांनी भाच्याला वीस पावलांवर, आमच्याकडे पाठ करून उभं केलं. मी आधी माझा बास, मग त्यांचा, मग पुन्हा माझा असं न सांगता वाजवत गेलो. लांब सा, खालचा पंचम, मग दादऱ्याची चाल. भाच्याने बोटांनी एक-दोन दाखवायचं. पंचमावर तो एकदाही चुकला नाही. मधल्या सप्तकात मात्र दोनदा माझ्याच बासला चांगला म्हणाला, आणि ते मला मान्य आहे, तिथे माझा बास जास्त मोकळा बोलतो. जुन्याला श्वास थोडा जास्त लागतो, त्या जादा वळणांमुळे. वजनही जास्त आहे. तुम्ही बारीक अंगाचे असाल आणि चालत वाजवत असाल तर हे दोन्ही आधी तपासा.

मामांनी ८५ हजार सांगितले. आम्ही दुसऱ्या दिवशी सांगतो म्हणालो. बघितलं की लगेच पैसे काढू नका, एक रात्र जाऊ द्या. त्या रात्री बेळगावातच राहिलो. कुंडा, म्हणजे इथली मिठाई, घ्यायचा तर सकाळी घ्या, संध्याकाळी गर्दी असते.

सकाळी खानापूर. बेळगावपासून पंचवीसेक किलोमीटर, पण आषाढात त्या बाजूचा पाऊस वेगळाच असतो. वाकळेवर प्लॅस्टिकचा कागद हवाच. खानापूरच्या पुढे लोंढ्याच्या वाटेवर एका वाडीत, कौलारू ख्रिस्ती घरात एक टुबा होता, काळी दोनचा. हा लहान. काळी पाचच्या टुबाची नळी साधारण १८ फूट, काळी दोनची १३. घरच्या आजींचे यजमान फेस्ताला, लग्नांना गोव्यापर्यंत वाजवायला जायचे. ते गेल्यापासून टुबा माळ्यावर. दुसऱ्या व्हॉल्व्हच्या स्लाइडमध्ये कुंभारमाशीचं अख्खं घर निघालं. ते काढून तेल घातलं, आणि तिन्ही व्हॉल्व्हनी फट् करून उत्तर दिलं. आजी दारात उभ्या होत्या. मी पहिला लांब सूर लावला तशा खाली बसल्या आणि पदर डोळ्याला लावला.

सूर फार सुंदर होता, पण ट्यूनर जुळेना. काटा काळी दोन आणि पांढरी तीनच्या बरोबर मधोमध. असं झालं तर वाद्य बिघडलंय असं समजू नका. इंग्रजांचे ब्रास बँड पूर्वी चढ्या पट्टीत वाजायचे, आजच्या पांढरी सहाच्या ४४० हर्ट्झऐवजी साडेचारशेच्याही वर, ४५२ च्या आसपास. १९६० च्या दशकापर्यंत ही पट्टी चालू होती. त्या काळातला टुबा आजच्या क्लॅरनेट-ट्रम्पेटबरोबर वाजवला की अख्खा बँड बेसूर वाटतो. उतरवायला १३ फुटांच्या नळीत साधारण साडेचार इंच वाढ लागते. मुख्य स्लाइडला दोन पाय असतात, म्हणून ती सव्वादोन इंच बाहेर काढली की तेवढी वाढ मिळते. या टुबाची स्लाइड तेवढी निघत नव्हती. चांगल्या कारागिराकडून स्लाइडच्या दोन्ही पायांत तुकडे जोडून घेता येतात, व्हॉल्व्हच्या स्लाइडही मग थोड्या बाहेर ठेवाव्या लागतात.

हे सगळं मी आजींना जसंच्या तसं सांगितलं. भाच्याने कोपर मारलं, म्हणजे गप्प बसून भाव पाडूया. पण यजमानांचं वाद्य विकायला बसलेल्या बाईला अर्धंच सांगणं मला जमणार नाही, आणि कुणी तसं करू नये. त्या तीस हजार म्हणत होत्या. मी म्हटलं, "आजी, दुरुस्तीचा खर्च घेणाऱ्याने धरावा, तुम्ही फार खाली येऊ नका." चालत वाजवणाऱ्या तरुण पोराने हा घ्यावा असं माझं मत आहे. मी उघड्यावर, ढोलांच्या शेजारी वाजवतो, मला १८ फूट लागतात.

माझा बास त्याच दुपारी गेला. नंदगडच्या बाजूचा एक नवा बँड, वाजवणारा विशीतला पोरगा. त्याच्या हातात देण्याआधी सांगितलं: तिसरी स्लाइड उन्हाळ्यात अडकते, खालचा पंचम चढतो, बाकी वाद्य इमानदार आहे. त्याने अर्धा तास वाजवून बघितलं आणि २२ हजार मोजले. मी पंचवीस सांगितले होते. चिठ्ठीवर छाप, नंबर, तारीख, दोघांच्या सह्या. अशी चिठ्ठी तुम्हीही करा, दोन प्रती. एवढं मोठं पितळ गाडीत दिसलं की नाक्यावर कुणीही विचारतं.

मामांकडे परत गेलो तेव्हा पाच वाजले होते. ८० ला जमलं. माउथपीस, पट्टा आणि एक जुना गणवेशाचा तुकडा, पिस्टन पुसायला, त्यांनी वरून दिला. गाडीत ठेवताना वाकळ स्वतः सारखी केली आणि टुबाचं तोंड मागे आहे ना ते बघितलं. अनंत चतुर्दशीला निपाणीला येतो म्हणालेत. मिरवणुकीत त्यांना कुठे उभं करायचं ते भाच्याने आत्ताच ठरवलंय: आमच्यापासून वीस पावलं, पाठ करून.