पोटखराबा आणि बारा क्रेडिटं

बारावीचा निकाल लागला की माझा फोन वाजायला लागतो. मी सिव्हिल इंजिनिअर, राजापूर तालुक्यात सर्व्हेची कामं घेते, म्हणून पाहुण्यारावळ्यांत करिअरची जाणकार समजली जाते. यंदा लांज्याच्या एका काकांनी थेट विचारलं, "इंजिनिअरिंगला घालतोय ना पोराला, मग मध्येच इतिहास नि समाजशास्त्र कशाला? नोकरीत काय उपयोग?"

आंब्याचे पैसे कॉलेजात ओतणाऱ्या माणसाने हे विचारायलाच हवं. पण भार तरी केवढा? एआयसीटीईच्या, म्हणजे देशाच्या तंत्रशिक्षण परिषदेच्या, २०१८च्या नमुना अभ्यासक्रमात पदवीच्या १६० क्रेडिटांपैकी (विषयाचं वजन क्रेडिटांत मोजतात) १२ मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रांना आहेत, तीही मॅनेजमेंट धरून! त्यातली निम्मी-शिम्मी इंग्रजी संभाषण आणि मुलाखतीला टाय कसा बांधावा यात जातात. २०२०च्या शैक्षणिक धोरणाने शाखेबाहेरचे विषय घ्यायची मोकळीक दिली. पोरं त्यातला सर्वात सोपा पेपर शोधतात, आणि सर लोक नोट्स वाटून मोकळे होतात. हे असंच चालणार असेल तर काकांचं बरोबर आहे, पैसे वाचवा.

माझ्याकडे उन्हाळ्यात इंटर्न येतात. मागे एका बागायतदाराच्या रस्त्याचं काम होतं, सड्यावरून बागेपर्यंत. सडा म्हणजे जांभ्याचा उघडा कातळ. सातबाऱ्यावर तो पोटखराबा, म्हणजे लागवडीला निरुपयोगी. एका मुलाने टोटल स्टेशन, म्हणजे मोजणीचं यंत्र, लावून झटपट पॉइंट घेतले आणि नकाशावर 'पडीक' लिहून टाकलं. चूक काहीच नाही, कागदोपत्री तसंच आहे. त्याच्या जोडीच्या मुलीने कॉलेजात स्थानिक इतिहासाचा ऐच्छिक विषय घेतला होता आणि तिच्या बाईंनी म्हणे प्रत्येकीला गावातल्या एका म्हाताऱ्या माणसाशी बोलून पाच पानं लिहायला लावली होती. तीच खोड. प्रिझमची काठी खांद्याला टेकवून तिने गुरांमागच्या आजींना हाक मारली, "आजी, या जागेला काय म्हणतात हो?"

आजी बसल्याच. पावसाळ्यात पाणी कुठे साठतं, गुरं कुठून उतरतात, वाडीची पालखी कुठल्या वाटेने जाते, सगळं आलं. शेवटी त्यांनी काठीने माती उकरून दाखवलं, कातळात कोरलेला हातभर मासा. आमची आखलेली मध्यरेषा बरोब्बर त्याच्यावरून.

रस्ता थोडा वळवला. मालक आधी कुरकुरले, पण त्यामुळे पाणी साठायची जागाही टळत होती म्हटल्यावर गप्प झाले. उक्षी, कशेळी, बारसू, देवाचे गोठणे इथली कातळशिल्पं २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. तीसुद्धा रत्नागिरीच्या हौशी शोधकांनी गावोगाव फिरून, गुराख्यांना विचारत विचारत जगापुढे आणली. सातबारा वाचून ती सापडली नसती.

मला एवढंच हवंय. कॉलेजांनी ती बारा क्रेडिटं ‘व्यक्तिमत्त्व विकासा’वर उधळू नयेत. पोरांना गावात धाडावं, ऐकायला लावावं, आणि ऐकलेलं नीट मराठीत लिहून घ्यावं. या लिहिण्यावर माझा फार जीव आहे. भूसंपादनाच्या हरकती मराठीत येतात, जनसुनावणीत लोक मराठीत भांडतात, आणि आमच्या इंजिनिअरांना दोन ओळींचं उत्तर लिहायचं तर घाम फुटतो.

काकांना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "बरं, पण पगार वाढतो का त्याने?" खरं सांगायचं तर पहिल्या नोकरीत नाही. त्या दोघांनाही मी सारखंच मानधन दिलं. फक्त पुढच्या कामाला फोन कोणाला केला, तेही काकांना सांगितलं.