हिवरे बाजार: बोअरबंदीच्या गावात एक चक्कर

पुण्याहून नगरकडे जाताना उन्हाळ्यात रस्त्याकडेला बोअर मारायच्या गाड्या दिसतातच, बऱ्याचशा टीएन पासिंगच्या, पार तमिळनाडूतून आलेल्या. मग नगरहून कल्याण रोडला लागून आत वळलं की हिवरे बाजार, आणि इथं शेतीसाठी बोअर मारायला चक्क बंदी! ती पण सरकारची नाही, ग्रामसभेची.

१९७२ च्या दुष्काळानंतर आपल्याकडे सगळा जोर पाणी शोधण्यावर होता. भूजलाचा, म्हणजे जमिनीखालच्या पाण्याचा कायदा आला १९९३ ला, तोही पिण्याच्या पाण्यापुरता, सार्वजनिक विहिरीपासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर खोदू नका म्हणून. २००९ चा कायदा मोठा, पण राष्ट्रपतींची मंजुरी यायला २०१३ उजाडलं. त्यात शेतीसाठी ६० मीटरच्या खाली जायला मनाई आहे, म्हणजे साधारण २०० फूट. आता त्या बोअरवाल्यांना विचारा, किती फुटांपर्यंत मारता :)

हिवऱ्यात समतल चर (उतारावर पाणी अडवायला खोदलेले आडवे चर), बंधारे, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी हे सगळं नव्वदच्या दशकात पोपटराव पवार सरपंच असताना झालं, ते सगळ्यांना माहितीये, बसेस भरून लोक बघायला येतात आणि बंधाऱ्यापाशी फोटो काढून जातात. मला विचाराल तर बघायची गोष्ट पाण्याचा ताळेबंद आहे. पाऊस मोजायचा, विहिरींची पातळी बघायची, माणसांचं नि जनावरांचं पिण्याचं पाणी आधी बाजूला काढायचं आणि उरलेल्यावर ठरवायचं की रब्बीला काय नि किती पेरायचं. ऊस, केळी नाहीच. पारावर बसलेल्या एका आजोबांना विचारलं, लोक ऐकतात का हो? तर म्हणाले, "न ऐकून जातील कुठं, विहीर तर सगळ्यांचीच आटती."

केंद्र सरकारच्या अटल भूजल योजनेनं हाच ताळेबंद सात राज्यांतल्या गावांत नेला, ते चांगलंच झालं, पण आकडे मांडणं सोपं आणि शेजाऱ्याला ऊस लावू नको म्हणणं अवघड. त्यात जमिनीखालच्या पाण्याला गावाची शीव कळत नाही, एका गावानं साठवायचं आणि पलीकडच्यानं उपसायचं, म्हणून पुढचा हिशोब गावाचा नाही तर अख्ख्या पाणलोटाचा, म्हणजे जिथलं पाणी एकाच ओढ्या-नदीला येऊन मिळतं त्या सगळ्या भागाचा करावा लागणार. आणि प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यांचं काय? विहिरीतलं पाणी उपसून त्यात भरायचं नि उन्हात उडू द्यायचं, त्यालाही अनुदान, कमाल आहे.

जाणार असाल तर पावसाळा सरल्यावर जा, तेव्हाच ताळेबंद मांडतात.