मागे एक उरतो

आमच्या वर्गात गणितात पहिला येणारा मुलगा समजावून सांगण्यात शेवटचा होता. हे तो स्वतःही हसत मान्य करतो, म्हणून बिनधास्त लिहिते. त्याला काही विचारलं की तो वही स्वतःकडे ओढायचा, तीन ओळींत उत्तर काढायचा आणि म्हणायचा, "झालं की!" मधल्या पायऱ्या त्याच्या डोक्यात कधीच होऊन गेलेल्या असायच्या. त्याला स्वतःलाच त्या दिसत नव्हत्या, मग आम्हाला दाखवणार कुठून?

शालान्त परीक्षेच्या वर्षी शाळा सुटल्यावर आम्ही काही जण वरच्या मजल्यावर, कोपऱ्यातल्या वर्गात थांबायचो. शिपाईकाका कुलूप लावायला येईपर्यंत तो वर्ग आमचा. ठरवून गट वगैरे केला नव्हता. ज्याला गणिताची धास्ती तो थांबायचा. धास्ती नसलेला एकच, तो वर सांगितलेला. तो का थांबायचा हे त्याला आजही नीट सांगता येत नाही.

बीजगणितात सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो वर्गसमीकरणांनी. २क्ष² − ५क्ष − ३ = ० हे समीकरण मला अजून तोंडपाठ आहे. मधलं पद फोडायचं, −६क्ष + क्ष. इथवर सगळे सुखरूप यायचे. पहिल्या दोन पदांतून २क्ष बाहेर काढला की कंसात (क्ष − ३) येतो. पुढची दोन पदं म्हणजे आयतंच क्ष − ३, त्यातून बाहेर काढायला काहीच नाही. आमच्यातल्या एका मुलीचं गाडं दर वेळी नेमकं इथे रुतायचं. ती अवयव लिहायची २क्ष(क्ष − ३), आणि उत्तरं ० आणि ३. पहिल्या नंबरवाला सांगायचा, "अगं, अधिक एक राहिला." ती मुकाट्याने लिहायची आणि पुढच्याच गणितात पुन्हा गाळायची.

तिला ते उमजलं ते दुसऱ्याच एका मुलामुळे. चाचणीत त्याचे मार्क सांगण्यासारखे नव्हते, इतकंच लिहिते. त्याने खडू घेतला आणि विचारलं, "(क्ष − ३) तुझ्याकडे आधी किती वेळा आहे?"

"२क्ष वेळा."

"आणि हा शेजारी उभा आहे तो?"

"तो नुसताच आहे."

"नुसताच म्हणजे किती वेळा?"

ती जरा थांबली. "एकदा."

"मग लिही ना तो एक!" त्याने फळ्यावर वितभर उंचीचा १ काढला. मग म्हणाला, "तुझं ते शून्य मूळ समीकरणात घालून बघ." घातलं तर डावीकडे −३ आणि उजवीकडे ०. दुसरं उत्तर शून्य नव्हे, −१/२. "म्हणजे बाहेर काढायला काही नसतं तेव्हा मागे एक उरतो," ती स्वतःशीच पुटपुटली. त्यानंतर तिचा तो एक कधी गळलेला मी पाहिला नाही.

हे त्याला कसं जमलं? पंधरवड्यापूर्वी तो स्वतः तिथेच अडकला होता, आणि कुठल्या प्रश्नाने आपण सुटलो हे त्याला ताजं ताजं आठवत होतं. पुढे मी शिक्षिका झाले तेव्हा एरिक मझूर यांच्याविषयी वाचलं. ते हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवतात. १९९१ च्या सुमारास त्यांनी व्याख्यान मध्येच थांबवून विद्यार्थ्यांनी शेजाऱ्याला पटवून द्यायची पद्धत सुरू केली. त्यांचं निरीक्षण असं, की जे आपण फार पूर्वी शिकलो त्यात अडचण कुठे होती हे शिक्षक विसरून गेलेला असतो, नुकतंच शिकलेल्याला ती ठाऊक असते. वाचताना मला तो वितभर १ दिसत होता.

पहिल्या नंबरवाल्यावर अन्याय नको. त्याचा दिवस आला तो वर्गसमीकरण सोडवायच्या सूत्राच्या वेळी. त्याच मुलीने (आता तिची भीड चेपली होती) विचारलं, "सूत्रात खाली २अ कुठून येतं?" कुणालाच सांगता येईना. गणिताच्या सरांकडे गेलो तर त्यांनी उत्तर दिलंच नाही. "अक्ष² + बक्ष + क = ० ला ४अ ने गुणा आणि बघत बसा," एवढं बोलून ते गेले. आम्ही खरंच बघत बसलो. त्याने मात्र गुणलं, ४अक उजवीकडे नेला, दोन्हीकडे ब² मिळवला, आणि डावीकडे अख्खा (२अक्ष + ब)² उभा राहिला, उजवीकडे ब² − ४अक. वर्गमूळ काढून ब पलीकडे नेला की क्षच्या पुढचा २अ भागायला खाली जातो. अपूर्णांकाचं तोंडही न बघता! आमच्या समीकरणावर लगेच करून पाहिलं: ८ ने गुणलं, (४क्ष − ५)² = ४९, उत्तरं तीच. ही रीत श्रीधराचार्यांची, हे सरांनी नंतर सांगितलं. त्यांचा बीजगणिताचा ग्रंथ आज उपलब्ध नाही, पण बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी ही रीत त्यांच्या नावाने नोंदवून ठेवली म्हणून ती टिकली.

भूमितीत भांडणं जास्त. अर्धवर्तुळातला कोन काटकोन असतो, याची सिद्धता सगळ्यांनी पाठ केलेली. पक्ष, साध्य, रचना, सगळं घडाघडा. पण "केंद्र त्या बिंदूला जोडायचं हे सुचतं कसं?" या प्रश्नावर एक अख्खी संध्याकाळ गेली. शेवटी कुणीतरी म्हणालं, वर्तुळात हमखास सारखी असते ती त्रिज्या, मग काही सुचत नसेल तर त्रिज्या काढा. काढली की दोन समद्विभुज त्रिकोण, आणि तीन कोनांच्या बेरजेत प्रत्येक कोन दोनदा येतो. संपलं.

सगळं गोड होतं असं नाही. एक जण फक्त गृहपाठ उतरवायला यायचा. आणि चुकीची गोष्टही तितक्याच झपाट्याने पसरायची. एकाने इतक्या आत्मविश्वासाने वर्गमुळाखालच्या दोन वर्गांची बेरीज 'सोडवून' अ + ब लिहिली, की दोन दिवस आम्ही सगळेच तसं करत होतो. शेवटी ३ आणि ४ घालून पाहिले. मूळ ५ यायला हवं, आमचं येत होतं ७. त्या दिवसापासून कुणी काहीही सांगितलं की "आकडे घालून दाखव" म्हणायचं, सरांनी सांगितलं असलं तरी. सरांना हे कळलं तेव्हा ते खूष झाले होते.

परीक्षा जवळ आल्यावर एकच नियम ठरला. वही मिटून फळ्यावर यायचं. बघून लिहिणाऱ्याला खाली बसवायचे. तेव्हा तो निव्वळ दुष्टपणा वाटायचा. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये असाच काहीसा प्रयोग प्रसिद्ध केला. मजकूर पुन्हा पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनी घेतलेल्या परीक्षेत पुढे होते, आठवड्यानंतर मात्र न बघता आठवून लिहिणारे पुढे गेले. माझ्या वर्गातल्या मुलांना हे सांगते, तरी ती वाचतच बसतात.

निकालाचं काय लिहू? सगळे पास झालो, पहिला तोच आला.

स्मरणिकेच्या संपादकांनी शाळेसाठी एखादी सूचनाही लिहा म्हटलंय. सभागृह, संगणक यांच्या याद्या इतर जण देतीलच. माझं मागणं असं, की परीक्षेआधीचे दोन महिने वरच्या मजल्यावरचा एक वर्ग शाळा सुटल्यावर तासभर उघडा ठेवावा. फळा मोठा हवा, खडू भरपूर हवेत, आणि शिक्षक शक्यतो खालच्या मजल्यावर असावेत.