संत्र्याच्या डिंक्यावर ट्रायकोडर्मा, माझा अनुभव
आमची संत्र्याची बाग वरुडकडची (अमरावती जिल्हा), काळी भारी जमीन, खुंट, म्हणजे कलमाचा खालचा मुळांचा भाग, जंबेरीचा. पावसाळा सरला आणि काही झाडांच्या बुडाशी साल फाटून डिंक यायला लागला, पानांच्या शिरा पिवळ्या, शेंडे वाळलेले. माती उकरली तर तंतूमुळीची साल ओढली की निसटून हातात यायची, आत नुसता दोरा उरायचा. ही फायटोप्थोराची, म्हणजे मुळं आणि साल सडवणाऱ्या बुरशीसारख्या रोगाची खूण. त्या रोगाचे बीजाणू पाण्यातून पोहत मुळाशी जातात, म्हणून आधी पाणी काढणं. चर खोदले, दुहेरी आळं केलं (खोडाभोवती दोन गोल, पाणी बाहेरच्या गोलात) म्हणजे खोड कोरडं राहतं, डिंक खरवडून बोर्डो पेस्ट लावली (१ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी). जास्त आजारी झाडांना मेटॅलॅक्झिलवालं रासायनिक बुरशीनाशक दिलं, ते टाळून चालत नाही.

ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीला मारणारी मित्रबुरशी, त्यानंतर, कारण रासायनिक बुरशीनाशक आणि हे एकत्र द्यायचं नाही, मी मध्ये १५ दिवस सोडले. लोक पाकीट बादलीत ढवळून ओततात आणि मग म्हणतात फरकच नाही, अहो ती जिवंत बुरशी आहे, तिला खायला पाहिजे! १ किलो पावडर १०० किलो चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळली, ढीग सावलीत ठेवला, वरून ओलं गोणपाट, मधून मधून खालीवर केला, मग त्यावर पांढरी-हिरवी बुरशी चढली तेव्हाच झाडांना टाकलं. घेताना पाकिटावरची तारीख बघायचीच.

मला यात सगळ्यात भारी वाटतं ते असं की ही बुरशी नुसती मातीत राहत नाही, मुळाच्या बाहेरच्या थरात शिरून तिथेच राहते, रोगाच्या तंतूंना वेढा घालून खाते आणि झाडाची स्वतःची प्रतिकारशक्तीही जागी करते. म्हणून रोग यायच्या आधी, पावसाळ्याच्या तोंडाला ओल असताना द्यायचं.

ज्यांची बुडाची साल चौफेर सडली होती ती झाडं गेली, उपटावी लागली. पण शेजारच्या झाडांना पुढच्या वर्षी पांढरी मुळी दिसली, नवती (कोवळी पालवी) चांगली फुटली. श्रेय एकट्या ट्रायकोडर्माला नाही देणार, निम्मं काम चरांनी केलं.

नांग्या भरताना, म्हणजे गेलेल्या झाडांच्या जागी नवी लावताना, रंगपूर लाईमच्या खुंटावरची कलमं घेतली, डोळा (कलमाचा जोड) जमिनीपासून वीतभर वर ठेवला आणि खड्ड्यात तेच शेणखत घातलं. रोग बऱ्याचदा नर्सरीतूनच येतो, म्हणून आता एकदोन पिशव्या फाडून मुळं बघतो आणि तपकिरी दिसली तर ती रोपं घेतच नाही.