खेळाडूच्या पाठीमागचं आभाळ

जुनं बेसबॉल कार्ड, म्हणजे सिगारेट किंवा गमच्या पाकिटातून मिळायचं ते खेळाडूचं चित्र, हातात आलं की जाणकार आधी चार कोपरे बघतो, मग कडा, मग चित्र चौकटीच्या मधोमध बसलंय का ते. भाव यावरच ठरतो. खेळाडूच्या मागे काय आहे याला कुणी गुण देत नाही. आणि गंमत तर तिथेच असते. चेहरा फोटोवरून यायचा, त्यात छापखान्याला फार ढवळाढवळ करता येत नसे. मागची जागा मात्र मोकळी. तिथे कुणी आभाळ भरलं, कुणी कारखाने, कुणी नुसता पिवळा रंग फासून मोकळा झाला.

सुरुवात स्टुडिओतल्या पडद्यापासून झाली. न्यूयॉर्कच्या गुडविन कंपनीनं १८८७ ते १८९० या काळात ओल्ड जज सिगारेटच्या पाकिटांत खेळाडूंचे छोटे फोटो घातले. अल्ब्युमेन, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्याचा लेप दिलेल्या कागदावरचे तपकिरी फोटो, पुठ्ठ्यावर चिकटवलेले. त्या काळच्या साध्या कॅमेऱ्याला धावता माणूस सहज पकडता येत नव्हता, म्हणून मैदानच स्टुडिओत आणलं गेलं. आपल्या संगीत नाटकांत जंगलाचा पडदा सोडायचे तशी मागे रंगवलेली झाडं, आणि खाली चक्क सतरंजी. फलंदाज बॅट उगारून पुतळ्यासारखा उभा, आणि चेंडू छताला दोऱ्यानं टांगलेला. बऱ्याच कार्डांवर तो दोरा स्वच्छ दिसतो. घसरत बेस गाठणारा खेळाडू तर जमिनीवर निवांत आडवा झालेला असतो, धुळीचा कण नाही. ही कार्डं उजेडात ठेवली की फिकी आणि पिवळी पडतात. पडद्यावरची झाडं आधीच धूसर, त्यामुळे ती सगळ्यात लवकर नाहीशी होतात.

खरा बहर आला तो शिळाछापाच्या, म्हणजे दगडावरून छापलेल्या, रंगीत कार्डांत. टी-२०६ या नावानं ओळखला जाणारा संच १९०९ ते १९११ मध्ये अमेरिकन टोबॅको कंपनीनं काढला. छपाई अमेरिकन लिथोग्राफिक कंपनीची. कार्ड केवढं, तर रुंदी दीड इंचाला किंचित कमी, उंची अडीच इंचाहून थोडी जास्त. मऊ पाकिटात सिगारेटी चेपू नयेत म्हणून घातलेला हा पुठ्ठ्याचा तुकडा. पण त्यावरची आभाळं बघावीत! केशरी, जांभळट, लिंबाच्या सालीसारखी पिवळी. हॅल चेसचा एकच चेहरा एका कार्डावर गुलाबी रंगापुढे आहे, दुसऱ्यावर निळ्या. टाय कॉब लाल पार्श्वभूमीवर आहे आणि हिरव्यावरही. हिरवा जास्त दुर्मीळ. जॉनी एव्हर्सच्या बॅटवाल्या दोन कार्डांना तर संग्राहक ‘पिवळं आभाळ’ आणि ‘निळं आभाळ’ अशाच नावांनी ओळखतात. उलट, ज्याच्यासाठी लोक डोळे फिरतील एवढे पैसे मोजतात त्या होनस वॅग्नरच्या मागे सपाट नारिंगी रंग आहे, बाकी काही नाही. चित्र म्हणून बघायचं तर याच संचातली कितीतरी स्वस्त कार्डं त्याहून सरस आहेत.

हे रंग बसायचे कसे, ते कळलं की चुकाही वाचता येतात. चित्रकार फोटोवरून बाह्यरेषा काढायचा. मग प्रत्येक रंगासाठी वेगळा चुनखडी दगड. त्यावर तेलकट शाईनं बारीक ठिपके द्यायचे. दगड ओला केला की पाणी उघड्या भागावर राहतं, छपाईची शाई फक्त तेलकट ठिपके धरतात. कागद सहा-आठ वेळा यंत्रातून जायचा. साधारणपणे पिवळ्यासारखे हलके रंग आधी, गडद नंतर. याच सुमारास, १८९४ मध्ये घाटकोपरला सुरू होऊन पुढे मळवलीला गेलेल्या रविवर्मा छापखान्यात लक्ष्मी-सरस्वतीही अशाच दगडांवरून उतरत होत्या. लक्ष्मीच्या मागचं तळं आणि कॉबच्या मागचं हिरवं, दोन्ही एकाच विद्येची लेकरं.

दोन रंगांच्या मध्ये कागदानं ओल धरली किंवा सोडली की तो ताणतो वा आकसतो, आणि पुढचा रंग जागेवर बसत नाही. हे आधी क्षितिजाशी कळतं: हिरवं मैदान आणि आभाळ यांच्यामध्ये पांढरी फट पडते. ओठांचा लाल हनुवटीवर उतरतो. एखादा कागद लाल दगडाखालून जायचाच राहून गेला, तर केशरी संध्याकाळ फिकट पिवळी होते आणि खेळाडू काविळीचा दिसतो. असल्या फसलेल्या कार्डांना आज वेगळा भाव मिळतो.

खरं-खोटं ओळखायलाही पार्श्वभूमी उपयोगी पडते. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्यावं. शिळाछापात ठिपके हातानं दिल्यासारखे, कुठे दाट कुठे विरळ असतात. आजच्या नकलेत चार रंगांच्या ठिपक्यांची ठरावीक, सारख्या अंतराची फुलं दिसतात. मग खालचं नाव बघावं: अस्सल कार्डावर अक्षरं एकसंध तपकिरी शाईची, नकलेत अक्षरंसुद्धा ठिपक्यांची. शिवाय अतिनील दिव्याखाली जुना कागद मंद राहतो. निळसर चमकला तर त्यात चकाकी आणणारी रसायनं आहेत, म्हणजे कागद बराच नंतरचा.

सपाट रंग आणि देखावा यांत खरेदीच्या दृष्टीनं मोठा फरक आहे. क्रॅकर जॅकच्या १९१४ च्या कार्डांना मागे भडक लाल रंग. ती गोड लाह्यांच्या डब्यातच पडलेली असायची, म्हणून पाकाचे डाग ठरलेलेच. १९१५ चा संच टपालानंही मागवता येत असे, त्यामुळे तो जास्त स्वच्छ सापडतो. बॉस्टनच्या गाउडी कंपनीनं १९३३ मध्ये बबलगमबरोबर २४० कार्डांचा संच काढला (बिग फनच्या वेष्टनातले क्रिकेटपटू ज्यांनी जमवले त्यांना हा मोह समजावून सांगायला नको). त्यात बेब रूथ चार वेळा येतो, एकदा पिवळ्यावर, एकदा लालवर. पिवळ्या सपाटीवर प्रत्येक सुरकुती उठून दिसते. पेन्सिलीची खूण खोडली असल्याचा संशय असेल तर कार्ड तिरक्या उजेडात धरावं. घासलेली जागा वेगळी चमकते. थोडं थकलेलं कार्डच परवडणार असेल, तर देखाव्याचं घ्यावं. झाडाझुडपांत डाग लपतो.

देखाव्यांत माझं माप डायमंड स्टार्सच्या पारड्यात. केंब्रिज, मॅसॅच्युसेट्सच्या नॅशनल चिकल कंपनीचा हा संच, १९३४ ते १९३६, १०८ कार्डांचा. महामंदीचे दिवस, आणि खेळाडूंच्या मागे मात्र धारदार कडांच्या इमारती, धुराडी, प्रेक्षकांचे सज्जे, सगळं तीन-चार सपाट रंगांत कापून बसवलेलं. कंपनीनं तीच चित्रं दरवर्षी पुन्हा वापरली, फक्त मागची आकडेवारी बदलली. शेवटची बारा कार्डं तर आधीच येऊन गेलेल्या खेळाडूंचीच आहेत. मंदीत काटकसर दुसरी कशी करणार?

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रुकलिनच्या टॉप्स कंपनीनं १९५२ मध्ये कृष्णधवल फोटो हातानं रंगवून घेतले. १९५३ मध्ये तर जेरी ड्वोरॅकसारख्या चित्रकारांकडून चित्रंच काढून घेतली, मागच्या मैदानांसकट. १९५६ ची कार्डं आडवी: पुढे चेहरा, मागे खेळातला प्रसंग. हँक ॲरनच्या कार्डावर मागे होम प्लेटकडे (धाव पुरी होते ती जागा) घसरत येतोय तो ॲरन नाहीच, दुसऱ्या संघाचा विली मेज आहे! टोपी तेवढी रंगवून ॲरनच्या ब्रेव्ह्ज संघाची केली.

१९५७ मध्ये कार्ड अडीच बाय साडेतीन इंचांचं झालं, आजही तेच माप चालतं, आणि रंगीत फोटो आले. आता मागचं मैदान खरं. टॉप्सचं बिऱ्हाड ब्रुकलिनला, त्यामुळे बाहेरगावचे संघ न्यूयॉर्कला आले की फोटो उरकले जात. माथ्यावर कमानींची झालर दिसली की यांकी स्टेडियम. न्यूयॉर्कच्या बाकी दोन मैदानांपैकी एबेट्स फील्ड १९६० मध्ये पाडलं, पोलो ग्राउंड्स १९६४ मध्ये. त्यांचे जिने, खांब, रिकाम्या खुर्च्या शोधणारे लोक आज खेळाडूचं नावही न वाचता ही कार्डं चाळतात. खरी मैदानं आल्यावर पुढच्याच वर्षी, १९५८ मध्ये, टॉप्सनं मैदानं कातरून पुन्हा सपाट रंग भरला. कातरताना केसांची कड अशी करवतली गेली की माणूस पुठ्ठ्यातून कापल्यासारखा दिसतो. साठच्या दशकात फ्लोरिडातल्या सराव शिबिरांतले ताडामाड आणि तारेची कुंपणं आली. मग १९६८ मध्ये खेळाडूंच्या संघटनेनं टॉप्ससाठी उभं राहायलाच नकार दिला, म्हणून १९६९ च्या संचात जुनेच फोटो, तेही बरेचसे बिनटोपीचे, की संघ बदलला तरी खपून जावेत.

जपणुकीचं थोडक्यात: पीव्हीसीचे जुने कप्पे टाळावेत, त्यातलं तेलकट द्रव्य झिरपून कार्डाचा पृष्ठभाग चिकट होतो, पॉलिप्रॉपिलीनचे घ्यावेत. भिंतीवर लावायची हौस असेल तर ऊन येत नाही ती भिंत बघावी. उन्हात लाल आणि पिवळा आधी उडतात, निळा मागे राहतो. म्हणून कुणी ‘दुर्मीळ निळ्या आभाळाचं’ कार्ड पुढे केलं, तर भिंगातून आधी ओठ बघावेत. लालाचे फिकट ठिपके अजून रेंगाळत असतील, तर ते आभाळ उन्हानं केलेलं आहे. एकही ठिपका नसेल आणि पिवळा मात्र ताजा असेल, तर लाल दगड चुकलेला असू शकतो, आणि मग किंमत विचारायला हरकत नाही.